शंकरपाळ्यातला शंकर

भंडारा जिल्ह्यातील मनुष्य नोकरीधंद्यानिमित्त परप्रांतात गेला की एक विनोद त्याला हमखास ऐकावा लागतो. 'आपण कुठले?' या प्रश्नास त्याने 'भंडाऱ्याचा' असे उत्तर दिले, की उत्तर हिंदुस्थानातील गृहस्थ चटकन विचारतो, 'किसका भंडारा? कब है?' त्याच्या बोलीत भंडारा म्हणजे देवस्थानापुढील सार्वजनिक पंगत. पुणे-सोलापूरकडील माणसाला त्याच शब्दाने जेजुरीची हळद आठवते. आम्ही मात्र गावाच्या नावाचा संबंध येथील पितळी भांड्यांशी जोडून मोकळे होतो. आणि आपल्या समाजातील वृद्धांना 'भंडार' म्हटले की हस्तलिखित पोथ्यांनी भरलेली कपाटे दिसू लागतात. एका शब्दाच्या ताटात जेवण, हळद, भांडी आणि ग्रंथ असे सर्व काही वाढलेले असते. ज्याच्या गावाचेच नाव असे आहे, त्याला पदार्थांच्या नावांचे कुतूहल वाटले तर नवल नाही.

बँकेच्या सेवेत धानाच्या तारणावर दिलेल्या कर्जांची गोदामे तपासण्याचे काम मी पुष्कळ वर्षे केले. पोत्यावर शाईने धानाच्या जातीचे नाव घातलेले असे. पण अधिकाऱ्याने त्या नावावर विसंबू नये, पोत्याच्या कुशीत परखी खुपसावी आणि चार दाणे तळहातावर घेऊन पाहावेत, अशी पद्धत होती. बहुधा नाव आणि दाणा जुळत. क्वचित मात्र पोते मागल्या हंगामाचे आणि माल या हंगामाचा असे. वर 'चिन्नोर' आणि आत भलताच जाडा धान. त्यात लबाडी असतेच असे नाही. पोते चांगले आहे, फेकायचे कशाला, ही आपल्या व्यापाऱ्यांची काटकसर असते. खाद्यपदार्थांच्या नावांचेही मला तसेच वाटत आले आहे. नावे ही टिकाऊ पोती आहेत. शतकानुशतके फिरतात, आणि आतला माल कधी बदलला हे कोणाच्या ध्यानातही राहत नाही. मग बाहेरच्या नावाची संगती लावण्यासाठी लोक कथा रचतात, आणि त्या कथा पदार्थाइतक्याच खुसखुशीत होतात.

दिवाळीतल्या शंकरपाळ्याचेच पाहा. त्यात शंकर कुठे आहे, असा प्रश्न प्रत्येक घरातील एखादे तरी नातवंड विचारते. कोणी आजोबा सांगतात, आकार डमरूच्या अर्ध्या भागासारखा आहे. कोणी आजी सांगते, महादेवाला प्रिय म्हणून. वस्तुतः महादेवाचा येथे काही संबंध नाही. फारसी-उर्दूत साखरेला 'शकर' आणि तुकड्याला 'पारा' म्हणतात. 'शकरपारा' म्हणजे साखरेचा तुकडा. मराठी जिभेला 'शकर' परका वाटला, तिने त्यावर एक अनुस्वार ठेवला आणि कैलासपतीला थेट तळणीत उतरवले. गंमत अशी की 'शकर' हा शब्दही मूळचा आपलाच, संस्कृत 'शर्करा'. म्हणजे मुलगी परदेशी दिली, तिची मुले तिकडची बोली बोलत आजोळी आली, आणि आजोळच्या माणसांनी ओळख न पटल्यामुळे त्यांची नावे बदलून टाकली.

साखरेच्या व्यवहारात असे पुष्कळ झाले आहे. 'शर्करा' पश्चिमेस गेली आणि इंग्रजांची 'शुगर' झाली. 'खंड' इराणात जाऊन 'कंद' झाला, अरबांच्या हातून युरोपात पोहोचला आणि आज मुले जी 'कँडी' चोखतात ती त्याचीच नात. ज्या भूमीने जगाला साखरेचे दोन्ही शब्द पुरवले, ती भूमी स्वतः काय म्हणते? हिंदीत पांढऱ्या साखरेला 'चीनी', म्हणजे चीन देशाची. आणि खड्यांच्या साखरेला 'मिश्री', म्हणजे मिस्र अथवा इजिप्तची. आपला माल बाहेर पाठवायचा आणि घरात परदेशी शिक्क्याचा वापरायचा, ही आवड आजची नाही.

याच 'कंदा'ने आपल्या घरांत एक निराळाच घोळ केला आहे. गुलकंद म्हणजे 'गुल' अधिक 'कंद', गुलाब आणि साखर. कलाकंदातील कंदही साखरेचाच. त्याचा जमिनीखालच्या कंदाशी सुतराम संबंध नाही. परंतु माझ्या परिचयाच्या एका वृद्ध श्राविकेने सारा जन्म कलाकंद वर्ज्य मानला. बशी पुढे आली की त्या शांतपणे म्हणत, 'कंद आहे, मला चालत नाही.' त्यांच्या सुनेने एकदा धीर करून सांगितले, 'आई, हा दुधाचा आहे, यातला कंद फारसी आहे.' त्यावर त्यांनी उत्तर दिले, 'असू दे. इतकी वर्षे सोडलेले आता कशाला धरू?' या उत्तरापुढे भाषाशास्त्राने हात जोडावेत. त्यांचा त्याग शब्दाच्या चुकीवर उभा असेल, पण त्यागाची नोंद चुकीची होती असे म्हणण्याची माझी हिंमत नाही.

याच्या उलट उदाहरण अधिक गंभीर आहे आणि ते बहुतेक किराणा दुकानांत पोत्याने असते. साबुदाणा. नाव किती निरुपद्रवी! 'दाणा' म्हटले की ज्वारी, तांदूळ, राजगिरा डोळ्यांपुढे येतात. लहानपणी आम्हा मुलांना वाटे, हे साबणाच्या झाडाचे दाणे असावेत. खरी हकीकत अशी की मलाया आणि त्याच्या पूर्वेकडील बेटांत ताडासारखे एक झाड होते. त्याच्या खोडातील पिठाळ गाभ्याला तिकडे 'सागू' म्हणतात. इंग्रजीने त्याचा 'सॅगो' केला, आपण 'साबु' केला आणि पुढे 'दाणा' जोडला. पण आपल्या बाजारात येणारा साबुदाणा त्या झाडाचा नाही. तो मुख्यत्वे तामिळनाडूतील सेलम भागात तयार होतो, आणि टॅपिओका नावाच्या कंदापासून तयार होतो. कंद खणून काढतात, सोलून किसतात, त्याचे पांढरे दूध हौदात निवळू देतात, खाली बसलेला स्टार्च काढून त्याच्या गोळ्या करतात, भाजतात, वाळवतात. पोते झाडाचे आणि माल जमिनीखालचा, याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

म्हणजे ज्याच्या नावात कंद आहे तो कलाकंद निर्दोष, आणि ज्याच्या नावात दाणा आहे तो साबुदाणा कंद! जमिनीखालचे अनंतकाय वर्ज्य करणाऱ्या घरात पहिला पदार्थ दारातून परत जातो आणि दुसरा नाश्त्याला येतो. शेजारच्या मराठी घरांत एकादशीला साबुदाण्याची खिचडी होते, तिला 'उपवासाची' म्हणतात. म्हणून आपल्यातही अनेकांना ती सोवळी वाटते. एरवी आपल्याकडे उपवास म्हणजे उकळून गार केलेले पाणी, तेही सूर्यास्तापूर्वी. त्यामुळे 'उपवासाची मिसळ' अशी पाटी वाचून आमच्या आजोळचे एक वृद्ध विचारीत, 'उपवासाची आहे, तर दुकान उघडे कशाला?'

माझ्या नातवाने यावर पेच टाकला होता. 'आजोबा, आले चालत नाही, पण सुंठ चालते. आले वाळवले की सुंठ होते. मग कंद वाळवला की साबुदाणा का चालू नये?' प्रश्न वकिली थाटाचा असला तरी पोकळ नव्हता. या दोन नावांची घडण पाहिली तर भेद शब्दांतच साठवलेला दिसतो. 'आले' हे 'आर्द्रक' या शब्दाचे रूप, म्हणजे ओले. हिंदीतील 'अदरक'ही तेच. 'शुंठी' म्हणजे वाळलेले. एका मुळाला ओलेपणी एक नाव आणि सुकेपणी दुसरे, आणि नाव बदलले तेथे त्याचा दर्जाही बदलला. ओल्या आल्याला मातीत ठेवले तर अंकुर फुटतो, सुंठीला फुटत नाही, हे वडीलधारे सांगत आले आहेत. साबुदाण्याच्या बाबतीत मात्र त्याच्या आजीने जे उत्तर दिले ते मला कोणत्याही शास्त्रार्थाहून पटले: 'सुंठ चिमूटभर लागते रे. साबुदाण्याची खिचडी चिमूटभर खाणारा अजून मी पाहिला नाही.' पंथापंथांत याविषयी मतभेद आहेत, आणि निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुजनांना विचारून करावा. निदान पोत्यात काय आहे ते माहीत असावे, एवढेच माझे म्हणणे.

भुईमुगाचा प्रकार याहून मजेदार. त्याचे नाव 'भुई'चा 'मूग', पण तो मूग नाही आणि कंदही नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही शेंग. फूल जमिनीवर येते, फलधारणा जमिनीवर होते, आणि मग देठ वाकून मातीत शिरतो आणि शेंग तेथे पोसली जाते. म्हणून कंदमूळ न खाणारी घरेही शेंगदाणे निःशंक खातात. पत्ता भूमिगत असला तरी कूळ वरचे, असा हा खातेदार आहे.

आता थोडे पोथ्यांकडे वळतो, कारण पदार्थांच्या नावांचा माग काढताना आपल्या आचार्यांचे आणि मुनींचे ग्रंथ किती उपयोगी पडले हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांना अशा शोधांचा विलक्षण नाद होता. जिलेबी भारतात कधीपासून आहे, हा प्रश्न त्यांनी एखाद्या ताम्रपटाच्या गांभीर्याने हाताळला. त्यात जो जुना उल्लेख पुढे आला तो जिनसूर यांच्या 'प्रियंकरनृपकथा' या ग्रंथातील, सुमारे १४५० सालचा. उवसग्गहरं स्तोत्राचा महिमा सांगणारी ही कथा. आणि तीत एका धनिक व्यापाऱ्याच्या घरच्या जेवणावळीत जिलेबी वाढली आहे. राजाच्या मुदपाकखान्यात सापडली नाही, सापडली ती शेठजींच्या पंगतीत. आपल्या वाचकांना यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

नाव मात्र अरबी 'झलाबिया'. बगदादच्या दहाव्या शतकातील पाकशास्त्रात हा पदार्थ आहे. व्यापाऱ्यांच्या वाटेने तो आला आणि आल्यावर आमच्या पंडितांनी त्याची मुंज लावली. वळणे पाहून 'कुंडलिका' म्हटले, आणि ध्वनीला ध्वनी जुळवून 'जलवल्लिका' हे नाव दिले, म्हणजे पाण्यातली वेल. हे नाव ऐकून कोणालाही वाटावे, ही आश्रमातील ऋषिकन्येची सखी असणार. कढईतल्या तुपाचा तीत वासही येत नाही.

इडलीची नोंद आणखी जुनी. 'वड्डाराधने' हा जुन्या कन्नड गद्याचा प्रसिद्ध जैन कथाग्रंथ; तो शिवकोट्याचार्यांच्या नावावर असून सुमारे ९२० सालचा मानतात. त्यात 'इड्डलिगे' हा शब्द येतो. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त ती 'इडरिका' होते. या जुन्या उल्लेखांत उडदाचे पीठ आहे. तांदूळ नाही, रात्रभर आंबवणे नाही. आज आंबवलेले वर्ज्य मानणाऱ्या घरात इडली दारातच थांबते, पण तिच्या पूर्वजेला कदाचित आत प्रवेश मिळाला असता. येथेही पोते जुने, माल नवा.

साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. संस्कृतात 'श्रीखंड' म्हणजे चंदन. दह्याचा जो साखर घातलेला, सुगंधी पदार्थ होता त्याला 'शिखरिणी' म्हणत. आणि 'शिखरिणी' हे सतरा अक्षरांच्या एका वृत्ताचेही नाव. पुढे काय वाटणी झाली पाहा. दह्याने चंदनाचे नाव घेतले आणि ते श्रीखंड झाले. रिकामे पडलेले 'शिखरिणी' हे नाव दूध-केळ्याने उचलले आणि ते 'शिकरण' झाले. वृत्ताकडे मात्र वृत्त राहिले. मालमत्तेची अशी वाटणी एखाद्या एकत्र कुटुंबात झाली असती तर धाकट्या जावेने जन्मभर बोलून दाखवले असते: चंदन थोरल्या घरी गेले, आम्हाला केळी आली.

आणि 'उपमा'! कालिदासाची कीर्ती ज्या अलंकाराने झाली, तोच शब्द सकाळी बशीत घालून पुढे येतो. दक्षिणेत 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'मावु' म्हणजे पीठ. कन्नडात 'उप्पिट्टु', त्याचे आपले 'उप्पीट'. ज्यांनी 'उप्पीट' म्हटले ते मुळाशी प्रामाणिक राहिले. ज्यांनी 'उपमा' म्हटले त्यांनी रव्याला काव्यशास्त्रात प्रवेश मिळवून दिला.

पावाविषयी आमच्या लहानपणी दोन मते प्रचलित होती. तो पायाने मळतात म्हणून पाव, हे एक; आणि लादीचे चार भाग करतात म्हणून पाव, हे दुसरे. पहिले मत घरातील मोठी माणसे हेतुपुरस्सर पसरवीत, जेणेकरून मुलांनी बेकरीच्या वाटेला जाऊ नये. शब्द पोर्तुगीजांचा, त्यांच्या भाषेत भाकरीला जवळजवळ असेच म्हणतात. परंतु भीती दाखवण्याच्या कामी पोर्तुगीज काय उपयोगाचे?

विदर्भात बाहेरून बदलून येणाऱ्या अधिकाऱ्यांची पहिली फजिती 'सांबार' या शब्दाने होते. कोल्हापूरकडील एका सहकाऱ्याला येथील घरमालकिणीने विचारले, 'भाजीवर सांबार टाकू का?' वांग्याच्या भाजीवर इडलीबरोबरची आमटी ओतणार या कल्पनेने तो बिचारा हादरला. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि तिची सांबारवडी हा आमच्या हिवाळ्याचा अभिमान. गुजराती घरांत हाच शब्द 'संभारो' होऊन कच्च्या पपईच्या किंवा कोबीच्या परतलेल्या किसावर जाऊन बसला आहे. दक्षिणेतील सांबाराविषयी तंजावरच्या भोसले दरबाराची कथा सांगतात: शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमसूल संपले, चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून पदार्थाला नाव दिले. मराठी मनाला ही कथा फार गोड लागते. माझ्या जुन्या सवयीने मी तिच्याकडे तारणाचे कागद मागतो, तेव्हा ती संकोचते. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेले साहित्य, सामग्री. कोणाची सामग्री डाळीत पडली, कोणाची कोथिंबिरीपुरती उरली, कोणाची पपईत गेली. तीन प्रांतांच्या तीन स्वयंपाकघरांचा उगम एका शब्दात असणे हे कोणत्याही राजवाड्याच्या कथेहून कमी चमत्कारिक नाही.

तर्री पोह्यांतील 'पोहे' म्हणजे 'पृथुक', चपटे केलेले. आणि 'तर्री'त फारसी 'तर', म्हणजे ओले. नागपुरी बशीकडे पाहिल्यावर मात्र वाटते की 'पोहे' हे 'पोहणे' या क्रियापदाचेच रूप असावे. आमच्या बाकीच्या नावांना फारशा कथा लागत नाहीत. पाटावर थापली ती पाटवडी, पळसाच्या पानांत घालून निखाऱ्यावर भाजले ते पानगे, भातात बेसनाचे गोळे घातले तो गोळाभात. झाडीपट्टीचा माणूस नाव ठेवताना परखीच वापरतो, आत जे असेल तेच बाहेर लिहितो.

येथपर्यंत परखीची पद्धत उत्तम चालली. पण आपल्या घरांत बोलण्याची एक रीत आहे, तिच्यापुढे ही पद्धत अपुरी पडते. आपल्या अनेक मारवाडी-गुजराती घरांत भाजी 'कापत' नाहीत. ती 'सुधारतात' किंवा 'समारतात'. संध्याकाळी दुकान 'बंद' करीत नाहीत, 'वाढवतात'. गुजराती नववर्षाच्या पहाटे दारावर येणारा मिठाला 'मीठ' म्हणत नाही, 'सबरस' म्हणून हाक देतो. आणि 'मीठ' हा शब्द तरी काय, मूळचा 'गोड, रुचकर' याच अर्थाचा. येथे आतल्या वस्तूत काहीच फरक पडत नाही. विळी तीच, दुधी तोच. तरीही आपल्या वाडवडिलांना 'काप' हा शब्द तोंडातून निघू नये असे वाटले, आणि ती रीत पिढ्यान्पिढ्या टिकली.

यामागचा विचार ज्याला पाहायचा असेल त्याने यशोधर राजाची कथा आठवावी. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' लिहिले, पुष्पदंताने अपभ्रंशात 'जसहरचरिउ' रचले. हा दुसरा ग्रंथ तर आपल्या विदर्भातील कारंजा येथील जैन ग्रंथमालेत १९३१ साली, परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्या संपादनाने प्रसिद्ध झाला. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी पशुबळी द्यावा असा राजमातेचा आग्रह होता. राजाने नकार दिला. अखेर तडजोड निघाली: पिठाचा कोंबडा करावा आणि तोच बळी द्यावा. पिठाच्या त्या कोंबड्यापायी माता आणि पुत्र दोघांनाही कित्येक जन्म पशुयोनीत भोगावे लागले. परखी घातली असती तर तिच्यात निव्वळ पीठच आले असते. सारा दोष त्या पिठाला दिलेल्या आकारात, नावात आणि नाव देणाऱ्याच्या मनात होता.

गेल्या लग्नसराईत तुमसरच्या एका परिचित कुटुंबाने भोजनाची यादी माझ्याकडे नजर टाकण्यास पाठवली. निवृत्त बँक अधिकाऱ्याला लोक अजूनही छापील कागद वाचण्याच्या कामी योग्य समजतात. दर, ताटांची संख्या, आगाऊ रक्कम, सर्व ठीक होते. यादीत मात्र 'हराभरा कबाब', 'पनीर फिश फिंगर', 'जैन आम्लेट' आणि कच्च्या केळ्याचा 'जैन बटाटावडा' असे चार पदार्थ एका रांगेत उभे होते. वधूच्या आजीने यादी ऐकली आणि शेवटच्या नावावर तिला हसू आवरेना. बटाटा नसलेला बटाटावडा, तोही जैन! पण 'फिश' आणि 'आम्लेट' या शब्दांवर त्या थांबल्या. केटररने नम्रपणे सांगितले, 'माँजी, अंदर पनीर है, बेसन है। कांदा-लसूणसुद्धा नाही.' आजी म्हणाल्या, 'बाळा, आत काय आहे ते मला कळले. पिठाच्या कोंबड्याच्या आतही पीठच होते.'

तरुण मंडळींनी थोडा वाद घातला. नावात जुनाटपणा आला तर नागपूरचे पाहुणे त्या टेबलाकडे फिरकणार नाहीत, अशी त्यांना भीती होती. शेवटी नवी यादी छापली गेली: पालकाची टिक्की, पनीरची कांडी, केळ्याचा वडा आणि आम्लेटाच्या जागी टोमॅटोचे धिरडे. लग्नात धिरड्यांच्या तव्यापुढे सर्वात मोठी रांग होती, आणि तीत ती तरुण मंडळी आघाडीवर होती. केटररने बिलात दर मात्र आम्लेटाचाच लावला. तो वधूपित्याने माझ्या सल्ल्याने घासाघीस करून ताटामागे सहा रुपयांनी खाली आणला.